बटाट्याच्या चकतीवरची गाठ

लक्ष्मणफळ केमोथेरपीपेक्षा दहा हजार पट प्रभावी आहे, असा मजकूर गेली अनेक वर्षं मोबाइलवरून फिरतो आहे. काही जण तो अफवा म्हणून पुसून टाकतात. घरात कर्करोगाचा रुग्ण असलेले कितीतरी जण मात्र त्या फळासाठी, पानांसाठी बाजार पालथा घालतात. हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जेरी मॅकलॉफ्लिन यांच्या गटानं १९९६ मध्ये लक्ष्मणफळाच्या बियांतून वेगळ्या केलेल्या काही रसायनांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ‘एचटी-२९’ नावाच्या पेशींवर त्यातलं एक रसायन केमोथेरपीतल्या अ‍ॅड्रियामायसिन या औषधाच्या दहा हजार पट तीव्र ठरलं, अशी नोंद त्यात आहे. मोजमाप चोख होतं. प्रश्न आहे तो, नेमकं काय मोजलं होतं, हा.

त्याचं उत्तर मिळवायचं तर असे आकडे जिथे तयार होतात तिथे जायला हवं. कर्करोगावरच्या संभाव्य औषधाची पहिली परीक्षा फार साध्या साधनांनी घेता येते. खाऱ्या पाण्यातले बारीक जीव, बटाटे, कांद्याची मुळं आणि प्लास्टिकच्या प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशी एवढ्यावर ती होते. या परीक्षेत विचारलेला प्रश्न अगदी लहान असतो. तो लहान आहे हे लक्षात ठेवलं, तर तिच्या उत्तरावर विश्वास ठेवता येतो.

अर्कातल्या गर्दीतून एक रेणू

एखाद्या झाडाची साल कुटून अल्कोहोलमध्ये भिजवली की काळपट अर्क उतरतो. त्या अर्कात शेकडो रसायनं एकमेकांत मिसळलेली असतात. त्यातलं कामाचं कोणतं, हे रंगावरून, वासावरून किंवा नुसत्या रासायनिक पृथक्करणावरून कळत नाही. म्हणून अर्काचे भाग पाडतात आणि प्रत्येक भागाची जिवंत गोष्टीवर चाचणी घेतात. ज्या भागात परिणाम दिसेल तो पुढे न्यायचा, बाकीचे बाजूला ठेवायचे, उरलेल्याचे पुन्हा भाग पाडायचे. असं करत करत शेवटी एकच शुद्ध रसायन हाती लागतं. या सगळ्या वाटेवर दिशा दाखवण्याचं काम ती चाचणी करते. चाचणी मंद असेल तर शोधही मंदावतो आणि चाचणी चुकीची असेल तर शोध भलत्याच रसायनापाशी जाऊन थांबतो.

या कामाच्या इतिहासात आपल्या नंदुरबारच्या माणसाचं नाव ठळक आहे. मनसुख वाणी १९२५ मध्ये नंदुरबारला जन्मले, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले आणि पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्यासोबत काम करू लागले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं १९६० मध्ये तिथल्या कृषी खात्याच्या मदतीनं वनस्पती गोळा करून तपासण्याची मोठी मोहीम सुरू केली होती. १९६२ मध्ये आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञानं वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू या झाडाची साल आणली. वॉल आणि वाणी यांनी तिचे भाग पाडत, प्रत्येक भाग तपासत माग काढला. १२ किलो सुक्या सालीतून शेवटी सुमारे अर्धा ग्रॅम शुद्ध रसायन निघालं. १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली. तेच टॅक्सॉल. आज स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगावर जगभर दिलं जाणारं औषध.

त्या काळी निर्णायक चाचणी म्हणजे ट्यूमर असलेले उंदीर. एकेका उत्तरासाठी आठवडे जात आणि खर्चही मोठा होई. ज्या प्रयोगशाळेत प्राणिगृह नाही, पेशी वाढवण्याची सोय नाही, तिथल्या रसायनशास्त्रज्ञानं काय करायचं? ही अडचण दूर करायला पर्ड्यूमध्ये मॅकलॉफ्लिन आणि त्यांचे विद्यार्थी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कामाला लागले.

चोवीस तास, दहा पिल्लं

मिठागरात आणि खारट सरोवरात आर्टेमिया नावाचा कोळंबीच्या दूरच्या नात्यातला बारीक जीव राहतो. त्याची सुकलेली अंडी वर्षानुवर्षं टिकतात. शोभेच्या माशांचं खाद्य म्हणून ती डब्यात भरून विकलीही जातात. खाऱ्या पाण्यात टाकली की एक-दोन दिवसांत त्यातून पिल्लं बाहेर पडतात.

चाचणीसाठी एक लहान ट्रे घेतात. मधोमध भोकं पाडलेला पडदा असतो. एका बाजूला अंडी टाकून ती झाकतात आणि दुसऱ्या बाजूवर दिवा लावतात. पिल्लं उजेडाकडे धावतात, त्यामुळे ती भोकांतून पलीकडे येतात आणि टरफलं अंधाऱ्या बाजूलाच राहतात. मग पिपेटनं मोजून दहा-दहा पिल्लं एकेका कुपीत सोडायची. कुपीत आधीच अर्क घातलेला असतो: दर मिलिलिटरला १०, १०० आणि १००० मायक्रोग्रॅम अशा चढत्या मात्रेनं, प्रत्येक मात्रेच्या तीन कुप्या. काही कुप्यांत फक्त खारं पाणी ठेवतात. पिल्लांच्या अंगात पिवळ्या बलकाचा साठा असतो, त्यामुळे खाऊ घालावं लागत नाही. चोवीस तासांनी भिंगातून पाहून जिवंत किती ते मोजायचं. निम्मी पिल्लं ज्या मात्रेला मरतात, तो त्या अर्काचा आकडा.

१९८२ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली तेव्हा एरंडाच्या कुळातल्या ४१ प्रजातींच्या बियांचे अर्क तिच्यावर तपासले होते आणि त्यांची उत्तरं कर्करोगाच्या पेशींवरच्या चाचण्यांशी ताडून पाहिली होती. आर्टेमियाच्या पिल्लाला कर्करोग होत नाही. त्याच्यावर कळतं ते एवढंच, की या अर्कात सजीवाच्या मूलभूत कामात अडथळा आणणारं काहीतरी आहे. कीटकनाशक, जंतुनाशक, निव्वळ विष आणि कर्करोगाचं औषध या सगळ्यांना इथे सारखंच उत्तर मिळू शकतं. पण अर्काचे वीस भाग पाडल्यावर त्यातल्या कोणत्या भागात जोर आहे, हे एका दिवसात आणि अगदी थोड्या पैशांत समजतं. त्या टप्प्यावर रसायनशास्त्रज्ञाला हवं असतं ते हेच.

बटाट्याला झालेली गाठ

दुसरी चाचणी कर्करोगाच्या जरा जवळ जाते. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ट्यूमेफेसियन्स हा मातीतला जिवाणू झाडाच्या जखमेतून आत शिरतो आणि आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घालतो. त्या तुकड्यामुळे पेशी बेबंद वाढू लागतात आणि खोडावर गाठी येतात. क्राउन गॉल या नावानं ओळखला जाणारा हा रोग या जिवाणूमुळे होतो, हे अमेरिकेत स्मिथ आणि टाउनसेंड यांनी १९०७ मध्येच दाखवलं होतं. माणसाच्या कर्करोगाहून या गाठीचं कारण निराळं आहे. पण पेशींनी थांबण्याचा हुकूम न मानणं आणि विभागत राहणं दोन्हीकडे आहे.

प्रयोग असा करतात. चांगला, कोंब न फुटलेला बटाटा ब्लीचच्या द्रावणात बुडवून निर्जंतुक करायचा. टोकं कापून टाकायची, गराच्या मध्यातून पोकळ नळीनं गोल दांडी काढायची आणि तिच्या अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या पाडायच्या. चकत्या अगार या जेलीसारख्या थरावर मांडायच्या आणि प्रत्येकीवर जिवाणू व अर्क यांच्या मिश्रणाचा थेंब सोडायचा. काही चकत्यांवर अर्काशिवाय नुसते जिवाणू. मग प्लेट बंद करून साधारण बारा दिवस ते तीन आठवडे थांबायचं.

शेवटी चकत्यांवर आयोडीनचं द्रावण ओततात. बटाट्यात स्टार्च ठासून भरलेला असल्यामुळे चकती गडद निळी-काळी होते. गाठीच्या पेशींत स्टार्च नसतो, म्हणून त्या रंग घेत नाहीत. काळ्या चकतीवर फिकट पिवळसर उंचवटे स्पष्ट उठून दिसतात आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजता येतात. अर्क घातलेल्या चकत्यांवर गाठींची संख्या वीस टक्के किंवा त्याहून जास्त घटली, तर अर्क पुढे तपासायला घेतात.

पण त्याआधी एक खातरजमा करावीच लागते. अर्कानं जिवाणूच मेला असेल तरीही गाठी येणार नाहीत. म्हणून अर्कात ठेवलेले जिवाणू वेगळ्या प्लेटवर वाढवून पाहतात. ते जोमानं वाढले, तरच ‘गाठ रोखली’ असं म्हणता येतं. हे वरवर किरकोळ वाटणारं पाऊल ज्यानं गाळलं, त्याच्या हाती एखादं जंतुनाशक लागतं आणि तो त्याला कर्करोगाचं औषध समजून बसतो.

कांद्याचं मूळ

अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या प्रत्येकानं कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड केलेली असते. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात आणि ती मोठी असल्यानं पेशीविभाजनाचे टप्पे सहज ओळखू येतात. स्वीडनमध्ये आल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ मध्ये याच मुळांवर कोल्चिसिन या पेशीविभाजन अडवणाऱ्या रसायनाचा परिणाम अभ्यासला आणि तिथून एक कायमची चाचणी रूढ झाली. कांद्याची मुळं पाण्याऐवजी अर्कात वाढवायची, टोकं रंगवून काचपट्टीवर दाबायची आणि शंभरातल्या किती पेशी विभागत आहेत ते मोजायचं. विभाजन मंदावलं का, गुणसूत्रं तुटली का, मधल्याच टप्प्यावर अडकली का, हे डोळ्यांनी दिसतं. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळालेली व्हिंक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही औषधं पेशीला विभाजनाच्या मधल्याच टप्प्यावर अडकवतात. त्यांचं काम कसं चालतं हे समजून घ्यायला कांद्याच्या मुळाइतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

९६ खळग्यांची प्लेट

पुढची पायरी माणसाच्या पेशींची. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशी प्रयोगशाळेत अखंड वाढत राहिल्या. ‘हेला’ या नावानं त्या आजही जगभर वापरल्या जातात. लॅक्स यांची परवानगी घेतलेली नव्हती, हे या शास्त्रानं विसरता कामा नये. त्यानंतर वेगवेगळ्या अवयवांच्या कर्करोगांतून अशा शेकडो सेल लाइन तयार झाल्या. आपल्याकडे पुण्याची राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था त्या जपून ठेवते आणि संशोधकांना पुरवते.

या चाचणीत हाताच्या पंजाएवढ्या प्लेटमधल्या ९६ खळग्यांत पेशी पेरतात. त्या तळाला चिकटल्या की चढत्या मात्रेनं अर्क घालतात आणि दोन-तीन दिवस ठेवतात. नंतर एमटीटी नावाचं पिवळं रसायन घालायचं. जिवंत पेशी त्याचं जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात, मेलेल्या पेशींना ते जमत नाही. स्फटिक विरघळवून यंत्रानं जांभळेपणा मोजला की किती पेशी जगल्या ते कळतं. टिम मॉसमन यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली. १९९० मध्ये अमेरिकेच्या कर्करोग संस्थेनं साठ सेल लाइनवर एकाच वेळी चाचणी सुरू केली. त्यासाठी पेशींतल्या प्रथिनांना चिकटणारा सल्फोऱ्होडामिन-बी हा गुलाबी रंग निवडला. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरची अ‍ॅक्ट्रेक ही संस्था आहे. तिच्याकडे देशभरातून तपासणीला येणारे नमुनेही याच रंगानं तपासले जातात.

प्लेटवरच्या सगळ्या खळग्यांत अर्क नसतो. काहींत फक्त पेशी, काहींत अर्क विरघळवायला वापरलेलं द्रावण, काहींत अ‍ॅड्रियामायसिनसारखं माहीत असलेलं औषध. तुलनेसाठी ठेवलेले हे खळगे, म्हणजे कंट्रोल, नसतील तर बाकीच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. पेशींची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा काढतात. कच्च्या अर्कासाठी ती मिलिलिटरला साधारण २० मायक्रोग्रॅमच्या आत आणि शुद्ध रसायनासाठी ४ च्या आत असली, तरच पुढे जाण्यात अर्थ आहे, असा संकेत रूढ झाला.

चाचणी फसते तेव्हा

एमटीटीचा रंग पेशींनीच बदलला पाहिजे असं नाही. काही वनस्पतिज रसायनं पेशी नसतानाही त्याला जांभळं करतात आणि मेलेल्या पेशी जिवंत भासतात. काही रसायनं स्वतःच रंगीत असतात. हळदीतल्या कर्क्युमिनचं उदाहरण बोलकं आहे. ते स्वतः पिवळंजर्द आहे, प्रकाशमापनात ढवळाढवळ करतं, अनेक प्रथिनांना चिकटतं आणि द्रावणात लवकर विघटित होतं. त्यामुळे असंख्य चाचण्यांत ते ‘गुणकारी’ दिसलं. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्रज्ञांनी या सगळ्याचा सविस्तर आढावा घेऊन कर्क्युमिनच्या अशा निकालांबाबत स्पष्ट सावधगिरीचा इशारा दिला.

पेशींच्या ओळखीतही घोटाळा होतो. जुन्या काळी तोंडाच्या कर्करोगाच्या म्हणून ‘केबी’ पेशींवर हजारो अर्क तपासले गेले. त्या प्रत्यक्षात हेला पेशीच निघाल्या. अनेक प्रयोगशाळांत वेगानं वाढणाऱ्या हेलानं मूळ पेशींची जागा घेतली होती.

आणखी एक धोका अधिक खोल आहे: तुम्ही जी चाचणी निवडता ती तुम्हाला काय सापडणार हेही ठरवते. सुरुवातीची कित्येक वर्षं उंदरांतल्या ‘एल-१२१०’ आणि ‘पी-३८८’ या रक्ताच्या कर्करोगांवर भर होता. त्यातून रक्ताच्या कर्करोगावरची औषधं मिळाली, घट्ट गाठींवरची फारशी मिळेनात. टॅक्सॉलचा एल-१२१० वरचा परिणाम सामान्यच होता. पुढे उंदरांतल्या बी-१६ या मेलॅनोमावर, म्हणजे त्वचेच्या कर्करोगावर, ते चमकलं आणि १९७९ मध्ये न्यूयॉर्कला सुझन हॉरविट्झ यांनी त्याची काम करण्याची तऱ्हा उलगडली. पेशी विभागताना सूक्ष्म नलिकांचा जो सांगाडा उभारते तो टॅक्सॉल मोडू देत नाही, म्हणून पेशी अडकून पडते. एकाच चाचणीवर विसंबून राहिले असते, तर हे औषध कदाचित कपाटातच राहिलं असतं.

तीस वर्षांचा रस्ता

वॉल आणि वाणी यांचं दुसरं मोठं काम म्हणजे कॅम्पटोथेसिन. चीनमध्ये वाढणाऱ्या कॅम्पटोथेका झाडातून त्यांनी ते १९६६ मध्ये वेगळं केलं. उंदरांतला निकाल उत्साहवर्धक होता. माणसांवर चाचण्या सुरू झाल्या आणि मूत्राशयाला व इतर अवयवांना होणाऱ्या गंभीर इजेमुळे १९७२ च्या सुमारास थांबवाव्या लागल्या. १९७२ मध्येच गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी हे रसायन आपल्या सह्याद्रीत वाढणाऱ्या नरक्या या झाडातही असल्याचं दाखवलं. १९८५ मध्ये कॅम्पटोथेसिन पेशीतल्या टोपोआयसोमरेज-१ या एन्झाइमला अडवतं हे कळलं, तेव्हा रसायनशास्त्रज्ञांना रेणूत सुधारणा कुठे करायची याचा अंदाज आला. टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही त्याची सुधारित रूपं अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झाली.

पहिला आशादायक निकाल आणि रुग्णाच्या शिरेत गेलेलं औषध यांच्यात तीस वर्षं गेली. हा वेळ कारणी लागला. विषारीपणा कमी करणं, शरीरात टिकणं, योग्य मात्रा ठरवणं हे सगळं त्या वर्षांत झालं. या यशाची किंमत आपल्या जंगलानंही मोजली. कच्च्या मालासाठी सह्याद्रीतल्या नरक्याची बेसुमार तोड झाली. औषधी झाड सापडणं आणि ते झाड जगवणं ही दोन्ही कामं एकाच वेळी व्हायला हवीत, हा धडा महाराष्ट्रानं आपल्याच डोंगरात घेतला आहे.

दहा हजार पट म्हणजे काय

आता त्या व्हायरल आकड्याचा अर्थ लावता येतो. तो एका शुद्ध रसायनाचा, एका जातीच्या पेशींवरचा, प्लेटमधला आकडा होता. ‘दहा हजार पट तीव्र’ म्हणजे पेशी थोपवायला दहा हजार पट कमी मात्रा पुरली. ते रसायन निरोगी पेशींना किती वाचवतं, पोटातून रक्तात किती जातं, गाठीपर्यंत पोहोचतं का, रुग्णाचं आयुष्य वाढवतं का, यातलं काहीही त्या आकड्यात नाही. अतितीव्र विषंही कर्करोगाच्या पेशी अत्यल्प मात्रेत मारतात.

लक्ष्मणफळ आणि सीताफळ एकाच घराण्यातली. सीताफळाच्या बियांची पूड आपल्याकडे उवांसाठी वापरली जाते, कारण त्या बियांतली अ‍ॅसिटोजेनिन रसायनं कीटकांना मारतात. पेशीतल्या ऊर्जानिर्मितीची पहिलीच कडी ती तोडतात. रोटेनोन हे कीटकनाशकही तिथेच घाव घालतं. मेंदूच्या पेशींना ऊर्जा सतत लागते. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर १९९९ मध्ये डॉक्टरांना वेगळ्या धर्तीच्या पार्किन्सनचे रुग्ण मोठ्या संख्येनं आढळले. लक्ष्मणफळ आणि त्याच्या पानांचा काढा नेहमी घेण्याशी त्याचा संबंध असल्याची शंका पुढे आली. नंतर उंदरांत अ‍ॅनोनासिन या अ‍ॅसिटोजेनिन गटातल्या रसायनानं मेंदूतल्या पेशी मरताना दिसल्या. माणसांतला कार्यकारणभाव पक्का झालेला नाही, पण ‘नैसर्गिक आहे, त्यानं अपाय काय होणार’ हे म्हणणं इथे टिकत नाही.

वाचकानं काय विचारावं

‘अमुक वनस्पती कर्करोगाच्या पेशी मारते’ अशी बातमी आली की चार गोष्टी विचाराव्यात. कोणत्या पेशी, आणि त्यांच्याबरोबर निरोगी पेशी तपासल्या का? मात्रा किती, आणि तेवढी मात्रा माणसाच्या रक्तात येऊ शकते का? सोबत माहीत असलेलं औषध आणि नुसतं द्रावण तपासलं होतं का? प्लेटच्या पुढे प्राण्यांवर, मग माणसांवर काही झालं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ती बातमी संशोधकांसाठी आहे. रुग्णानं त्यावरून काहीही सुरू करू नये, आणि चालू असलेला उपचार तर मुळीच थांबवू नये.

या साध्या चाचण्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. सुपात पाखडल्यावर फोल उडून जावं तसे निरुपयोगी अर्क त्या झटपट बाजूला करतात. महाराष्ट्रातल्या कोणत्याही महाविद्यालयात बटाटा, कांदा आणि आर्टेमिया यांवर शिस्तीत काम होऊ शकतं, आणि व्हायलाही हवं. विद्यार्थ्यानं शंभर अर्क तपासले आणि नव्याण्णवांवर ‘परिणाम नाही’ असं कंट्रोलसकट नीट लिहून ठेवलं, तर पुढच्या संशोधकाची कित्येक वर्षं वाचतात. शंभरावा अर्क आशादायक निघाला, तर त्याच्याबद्दलही तेवढंच लिहावं जेवढं चकतीवर दिसलं. कारण त्या एका ओळीच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी आजारी बाप किंवा आई असते, आणि ती ओळ ते उपचाराचा सल्ला म्हणून वाचतात.